बाहुल्याचा विनोद आणि रूपांतराचा प्रश्न : ‘झपाटलेला’च्या निमित्ताने

प्रस्तावना

मराठी समीक्षेत चित्रपटीय रूपांतराची चर्चा होते ती बहुधा साहित्यकृतीवर आधारलेल्या चित्रपटांच्या अनुषंगाने. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ काढला, तेव्हापासून ‘पुस्तक आणि पडदा’ हा विषय महाविद्यालयीन चर्चासत्रांतून रुळला आहे. परदेशी चित्रपटावरून बेतलेल्या लोकप्रिय विनोदी मराठी चित्रपटाच्या वाट्याला मात्र हे भाग्य येत नाही. त्याची वासलात ‘नक्कल’ किंवा ‘उचल’ या एका शब्दात लावली जाते आणि विषय तेथेच संपतो. दुसऱ्या बाजूला बाहुलीनाट्य हा विषय लोकसाहित्याच्या प्रकरणात, तोही ‘लोप पावत चाललेली कला’ या ठरावीक मथळ्याखाली येतो. परिणामी, जिच्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत अशी कृती कोणत्याच प्रश्नपत्रिकेत बसत नाही.

महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३) ही अशी कृती होय. टॉम हॉलंड या दिग्दर्शकाच्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन भयपटावर तो बेतलेला आहे, ही बाब सर्वश्रुत आहे आणि ती नाकारण्याचे कारणही नाही. प्रश्न आहे तो बेतताना काय घडले हा. अमेरिकेत बाहुल्यांच्या साहाय्याने अभिजात कौटुंबिक कथांची विनोदी पुनर्निर्मिती करण्याची एक परंपरा आहे. जिम हेन्सन (१९३६–१९९०) यांनी निर्माण केलेल्या ‘मपेट’ बाहुल्यांचे चित्रपट हे तिचे ठळक उदाहरण. तेथे घराघरांत वाचली जाणारी कथा घेतली जाते आणि ती बाहुल्यांच्या हाती दिली जाते. मराठीत नेमका उलटा प्रवास झालेला दिसतो. जी कथा कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याची नव्हती, सतरा वर्षांखालील मुलांनी पालकांखेरीज पाहू नये असे प्रमाणपत्र जिला अमेरिकेत मिळाले होते, तीच बाहुल्याच्या आणि विनोदाच्या आधारे कुटुंबाची झाली. हे कशामुळे शक्य झाले आणि त्यासाठी काय गमवावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

बोलणाऱ्या बाहुलीची परंपरा

बाहुलीच्या द्वारे जुन्या कथेला वाकडे वळण देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. राजशेखराच्या ‘बालरामायण’ या संस्कृत नाटकात सीतेसाठी व्याकूळ झालेल्या रावणाचे मन रमवण्याकरिता सीतेची यांत्रिक बाहुली तयार केली जाते आणि तिच्या मुखात बोलणारी सारिका बसवली जाते. दशानन क्षणभर फसतो. रामकथेतील सर्वांत दारुण अभिलाषेचे हे बाहुलीच्या साहाय्याने केलेले काहीसे हास्यास्पद पुनर्कथनच आहे. याच राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीमला लावून दिला. बुलडाणा जिल्ह्याच्या शेजारचेच हे गाव, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

ज्ञानेश्वरीत ‘सायखडे’ हा बाहुल्यांच्या खेळाचा शब्द आढळतो आणि ‘कळसूत्री बाहुले’ हा शब्दप्रयोग तर आज राजकीय अग्रलेखांतच अधिक भेटतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. तेथे कथा रामायण-महाभारताच्याच असतात. प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो. म्हणून कुतूहल ‘पुढे काय’ याचे नसून ही लाकडाची आकृती ते कसे करते याचे असते. बाहुलीनाट्य हे स्वभावतःच पुनर्कथनाचे माध्यम आहे, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

वऱ्हाडात कळसूत्रीची अशी परंपरा ठळक नाही. तथापि, मातीच्या मूर्तीला घरातील माणूस करण्याची सवय येथे खोलवर रुजलेली आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत बुलडाणा, अकोला या भागांत मुली भुलाबाई बसवतात. शंकर-पार्वती येथे भुलोजी आणि भुलाबाई होतात. त्यांच्याभोवती म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत सासू, नणंद, माहेरची ओढ, रुसवेफुगवे हेच विषय येतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो. कैलासावरचे दैवत सासुरवासाच्या तक्रारीत सहभागी होते, त्यात कोणाला अधिक्षेप वाटत नाही. दूरच्या आणि धाक वाटणाऱ्या गोष्टीला बाहुली करून घरात आणायचे आणि तिच्याशी घरगुती बोलायचे, ही वृत्ती ‘झपाटलेला’च्या स्वीकारामागेही काम करीत असावी.

आधुनिक काळात या परंपरेला शब्दभ्रमाची जोड मिळाली. य. के. पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला रंगमंचावर आणला. (ते स्वतःला प्रोफेसर म्हणवीत. त्या काळी जादूगारांना ही पदवी कोणत्याही विद्यापीठाविना मिळत असे.) अर्धवटरावाला आवडाबाई ही बायको मिळाली आणि त्या दोघांच्या संसारातील कुरबुरींनी मराठी घरांना हसवले. रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून हा वारसा पुढे चालवला. या खेळाचे मर्म नीट लक्षात घ्यावे लागते. बाहुला माणसाच्या मांडीवर बसलेला असतो, त्याचे ओठ कोण हलवतो हे प्रत्येकाला दिसते, आणि तरीही तो मालकाला उलट उत्तरे देतो. नाव ‘अर्धवट’, पण शहाणपण मालकापेक्षा अधिक. जो पूर्णतः परावलंबी आहे त्यानेच उद्धट असावे, या विसंगतीत तेथील सारा विनोद साठलेला आहे. मांडी सुटली की विनोद सुटण्याचा धोका असतो.

मपेटांनी केलेली पुनर्कथने

तुलनेसाठी ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’ (१९९२) हा चित्रपट उपयुक्त ठरतो. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट हेन्सन यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ब्रायन हेन्सन यांनी दिग्दर्शित केला. कंजूष स्क्रूजच्या भूमिकेत मायकेल केन हा कसलेला नट आहे. त्याचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट म्हणजे केर्मिट हा हिरवा बेडूक. खुद्द डिकन्सची भूमिका गॉन्झो ही विचित्र नाकाची बाहुली करते आणि रिझो नावाचा उंदीर तिच्याबरोबर सतत शंका काढीत हिंडतो. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला ही जोडी ओळखीची वाटेल. एक सूत्रधार, दुसरा विदूषक.

या चित्रपटाचे यश केनच्या अभिनयात आहे, असे सामान्यतः मानले जाते आणि ते योग्यच आहे. समोर बेडूक आहे याची कोणतीही जाणीव चेहऱ्यावर न आणता, एखाद्या गंभीर नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर असावे तसा तो वावरतो. परंतु याची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. केर्मिट क्रॅचिटचे काम करतो, क्रॅचिट होत नाही. तो शेवटपर्यंत बेडूकच राहतो. आजारी टिमची रिकामी खुर्ची दिसते तेव्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि टिम हेही कापडी बेडकाचे पिल्लू आहे हे त्याच प्रेक्षकाला त्याच क्षणी ठाऊक असते. भूमिका आणि बाहुली यांतील फट बुजवली जात नाही. त्या फटीतून विनोद येतो आणि, आश्चर्य म्हणजे, करुणाही तेथूनच येते.

पुढील पुनर्निर्मितींत हा तोल सर्वत्र टिकला नाही. ‘मपेट ट्रेझर आयलंड’ (१९९६) मध्ये स्टीव्हन्सनची समुद्रकथा टिम करी यांच्या खलनायकाने तोलून धरली. फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटाच्या धर्तीवरील २००२ चा दूरचित्रपट आणि २००५ चा ‘द मपेट्स विझर्ड ऑफ ऑझ’ यांत मूळ कथेपेक्षा समकालीन दूरचित्रवाणीवरील संदर्भांची थट्टा वरचढ झाली. बाहुलीने जिच्याशी झोंबावे अशी भक्कम कथाच उरली नाही, की बाहुलीचा विनोद हवेत विरतो.

चकीचा तात्या होताना

‘चाइल्ड्स प्ले’ची कथा थोडक्यात अशी. चार्ल्स ली रे हा खुनी पोलिसांच्या गोळीने मरणासन्न होतो आणि मंत्राच्या बळावर आपला आत्मा दुकानातील एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला सहा वर्षांच्या अँडी या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो. बाहुल्याच्या देहातून सुटायचे तर ज्याच्यापाशी प्रथम आपली खरी ओळख उघड केली त्या अँडीच्याच देहात शिरावे लागणार, असा नियम आहे. मराठीत हाच सांगाडा घेतला गेला. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो, इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने घायाळ होतो, बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला लक्ष्याच्या घरी येतो. नियमही तोच.

सांगाडा तोच असला तरी मांस वेगळे आहे, आणि त्याची सुरुवात नावापासून होते. चार्ल्स ली रे हे नाव अमेरिकेच्या स्मृतीतील तीन कुप्रसिद्ध गुन्हेगारांच्या नावांचे तुकडे जोडून तयार झाले आहे : चार्ल्स मॅन्सन, ली हार्वे ऑस्वाल्ड आणि जेम्स अर्ल रे. ते ऐकताच वृत्तपत्रातील रक्ताळलेली पाने आठवावीत अशी योजना आहे. ‘तात्या विंचू’ या नावात असा कोणताही इतिहास नाही. ‘तात्या’ हे घरातील वडीलधाऱ्याला, चुलत्याला, गावातील मान्य पुरुषाला हाक मारण्याचे नाव. आदराने ‘अहो तात्या’ म्हणावे आणि पायाखाली विंचू निघावा, अशी ही जोडणी आहे. या नावामुळे खुनी आपोआप नात्यात येतो. त्याचा खून करण्याचा इरादाही एखाद्या खवट म्हाताऱ्याच्या हट्टासारखा भासू लागतो. हातभर उंचीच्या बाहुल्याला मोठ्या माणसांनी भीतीने ‘तात्या’ म्हणावे, यातील हास्य केवळ मराठी नातेव्यवस्थेतच उमजणारे आहे. भाषांतराने ते दुसरीकडे नेता येणार नाही.

शीर्षकाचेही तसेच. ‘चाइल्ड्स प्ले’ या नावात ‘पोरखेळ’ हा श्लेष आहे आणि तो मुलाकडे बोट दाखवतो. ‘झपाटलेला’ हे विशेषण मात्र विशेष्याविना सोडलेले आहे. झपाटलेला कोण? आत्म्याने झपाटलेला बाहुला, की बाहुल्याने झपाटलेला लक्ष्या, की आणखी कोणी? मराठीत ‘नाटकाने झपाटलेला’, ‘वाचनाने झपाटलेला’ असे कौतुकानेही म्हटले जाते. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचे वेड आहेच, तेव्हा तो तात्या येण्यापूर्वीही झपाटलेलाच आहे.

तिसरा बदल सूक्ष्म आहे आणि त्याची फारशी दखल घेतली गेलेली नाही. चकी जसजसा बाहुल्याच्या देहात राहतो तसतसा तो माणूस होत जातो, आणि अखेर त्याच्या हृदयावर गोळी झाडल्यावरच तो मरतो. तात्या विंचूचे मर्मस्थान दोन भुवयांच्या मध्ये आहे. अमेरिकन कथेचा तर्क शरीरशास्त्राचा आहे : देह माणसाचा झाला, त्यात हृदय आले, म्हणून मरण आले. मराठी कथेचा तर्क योगशास्त्रातील आज्ञाचक्राचा आणि पुराणातील वरदानांचा आहे. ज्याला मंत्राने अमरत्व मिळाले त्याच्या वरदानात कोठेतरी एक फट असतेच, हे हिरण्यकशिपू आणि दुर्योधन यांच्या कथा ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. महेश जाधवने भ्रूमध्यावर नेम धरला तेव्हा चित्रपटगृहातील प्रेक्षक ओळखीच्या कथेतच बसलेला होता. एका परकीय भयकथेच्या शेवटाला येथे पौराणिक कथेचा घाट मिळाला. हे ज्याला नक्कल वाटते त्याने नकलेची व्याख्या तरी व्यापक करावी.

हिंदीतील दोन प्रयत्नांशी ताडून पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. कोठारे यांनीच ‘झपाटलेला’ १९९५ मध्ये ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीत नेला. १९९६ मध्ये ‘चाइल्ड्स प्ले’वरूनच स्वतंत्रपणे ‘पापी गुडिया’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात करिश्मा कपूर नायिका होती आणि बाहुला तिच्या लहान भावाच्या हाती पडतो. म्हणजे मूल टिकवून ठेवण्याच्या बाबतीत हा चित्रपट मूळ कृतीशी अधिक प्रामाणिक होता. तरीही त्या बाहुल्याचे नाव आज कोणाच्या ओठी नाही. प्रामाणिकपणा आणि रूपांतराची यशस्विता यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो. कोठारे यांचा रूपांतराचा अनुभव तोवर दांडगा झाला होता. त्यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) हा ‘प्यार किये जा’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून आलेला होता, आणि तो हिंदी चित्रपट स्वतः ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटाचे रूप होता. ‘धडाकेबाज’ (१९९०) मध्ये त्यांनी अद्भुत आणि विनोद यांचे मिश्रण करून पाहिलेले होते. ‘झपाटलेला’ ही त्या उमेदवारीची फलश्रुती होय.

मूल कोठे गेले?

येथवर बाजू चित्रपटाची झाली. आता त्याच्या उणिवेकडे वळणे आवश्यक आहे, कारण ती उणीव त्याच्या यशाशीच जोडलेली आहे.

‘चाइल्ड्स प्ले’चा गाभा असा की, मूल खरे बोलत आहे आणि मोठी माणसे ते ऐकत नाहीत. अँडी सांगतो की बाहुला जिवंत आहे. त्याला मनोरुग्ण ठरवले जाते. त्याची आई कॅरन एकटी कमावणारी स्त्री आहे. तिला महागडा बाहुला दुकानातून परवडत नाही, म्हणून ती तो रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडून स्वस्तात घेते. बाहुल्याच्या खोक्यात बॅटऱ्या तशाच पडून आहेत हे तिच्या लक्षात येते तो क्षण या चित्रपटातील सर्वांत भेदक क्षण आहे. आतापर्यंत विद्युतघटांवाचूनच तो बोलत होता. एका आईला आपण मुलावर विश्वास ठेवला नाही याचा साक्षात्कार खेळण्याच्या खोक्यातून होतो. जाहिरातींनी मुलांना विकलेल्या वस्तूंवरची टीका त्यात आहे आणि एकल पालकत्वाची दमछाकही.

मराठीत अँडीच्या जागी लक्ष्या आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेला हा भाबडा, आईच्या पदराआडचा तरुण वयाने मोठा असला तरी वृत्तीने मूल आहे. या बदलाचे समर्थन करता येते. बेर्डे यांच्या अभिनयात घाबरण्याची एक खास लय होती. डोळे, मान आणि शब्द एकाच वेळी अडखळत, आणि त्या अडखळण्यातून भीती व हसू एकत्र येई. शिवाय ज्याचा छंदच बाहुलीला बोलते करण्याचा, त्याने ‘बाहुला आपणहून बोलतो’ असे सांगितले तर त्यावर कोण विश्वास ठेवणार, ही शब्दभ्रमकाराची कोंडी मूळ कथेत नाही. ती मराठी भर आहे आणि ती उत्तम आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज काढला त्याचा स्वतःचा आवाज कोणी मानत नाही.

पण किंमत मोजावी लागलीच. अविश्वास वाट्याला आलेले मूल गेले आणि त्याबरोबर मोठ्यांच्या जगावरचा आरोपही गेला. लक्ष्याचे कोणी ऐकत नाही याचे प्रेक्षकाला हसू येते, शरम वाटत नाही. आईचा शोध संपला आणि शोधाची सूत्रे मुख्यतः पोलीस नायकाकडे गेली. गुन्हेगारीचा अभ्यास करणारी, परदेशातून आलेली गौरी कथेत असूनही तिच्या अभ्यासाला फारसे काम उरले नाही. व्यंग आणि मनोविकार यांच्याकडे पाहण्याची त्या काळच्या विनोदी चित्रपटांची सैल दृष्टीही येथे आहे. ‘कुबड्या खवीस’ या नावातच ती दिसते. पुढे मुलांचा इतका लाडका झालेला हा चित्रपट, आणि त्याच्या केंद्रस्थानी मात्र मूल नाही! दूरचित्रवाणीवर तो वारंवार पाहत वाढलेल्या पिढीने तात्या विंचूच्या नावाने एकमेकांना घाबरवले, पण पडद्यावर त्या पिढीच्या वयाचा साक्षीदार नव्हता.

हात एकाचा, आवाज दुसऱ्याचा

या चित्रपटाच्या कर्तृत्वाविषयी बोलताना दिग्दर्शक आणि नट यांची नावे घेतली जातात. बाहुला घडवणाऱ्याचे नाव घेतले गेले तरी ते तंत्रज्ञांच्या यादीत. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी तयार केला. म्हणजे मूळ चित्रपटातील यांत्रिक बाहुल्याच्या जागी अर्धवटरावाच्या घराण्यातील बाहुला आला. चकीचे रूप केव्हिन यागर यांच्या यंत्रकौशल्याने सजीव माणसाच्या जवळ सरकत जाते. तात्याच्या हालचालीत मात्र रंगमंचावरील शब्दभ्रमाची ठेवण शिल्लक राहते. जबडा ठाशीव उघडतो, मान झटक्यात वळते, डोळे एका बाजूला सरकतात. निर्मितीच्या मर्यादित साधनांमुळे असे झाले असे म्हणता येईल, परंतु मर्यादा कोणतीही असो, परिणाम कलात्मक दृष्ट्या लाभदायकच झाला. तात्या बाहुला आहे हे क्षणभरही विसरता येत नाही, म्हणूनच त्याच्या धमकीला हसता येते. मपेटांच्या बाबतीत जी फट वर नमूद केली ती येथेही उघडी आहे. चकीच्या बाबतीत ती बुजत जाते आणि म्हणून तो केवळ भयप्रद उरतो.

फरक एकच, पण तो मोठा आहे. केर्मिटला बेडूक असण्याची तक्रार नाही. तात्याला बाहुला राहायचे नाही. आपल्या आकाराविरुद्ध चाललेली त्याची चडफड हाच त्याच्या विनोदाचा झरा आहे. मांडीवरून उठलेला, मालकाचा हात झुगारलेला अर्धवटराव असे त्याचे वर्णन करता येईल. लक्ष्याच्या प्रेयसीचे नाव ‘आवडी’ असावे आणि अर्धवटरावाच्या पत्नीचे ‘आवडाबाई’, हा योगायोग असेल तर फार बोलका आहे.

आवाज दिलीप प्रभावळकर यांचा आहे. मनुष्यरूपातील तात्याही त्यांनीच उभा केला. रंगमंचीय शब्दभ्रमात एकाच माणसाचे दोन आवाज असतात. येथे हात एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली. मात्र तिच्यातून एक अनपेक्षित अर्थ निष्पन्न झाला. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ या दूरदर्शन मालिकेत प्रभावळकर यांनी चिमणराव रंगवला होता. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचा तो सर्वांत सौम्य, सर्वांत निरुपद्रवी आवाज. ज्या श्रोत्याच्या कानात तो मुरलेला होता त्याला तात्याच्या खरखरीत, अरेरावीच्या स्वरातही तो कसलेला नट ओळखू आला असणार. भीतीला घरगुती करण्याचे जे काम ‘तात्या’ या नावाने केले, तेच या आवाजानेही केले. नटाच्या पूर्वभूमिकांची स्मृती रूपांतरात अशी भर घालते, ही गोष्ट मराठी रूपांतरविचारात यायला हवी.

त्रिमितीतला तात्या

‘झपाटलेला २’ जून २०१३ मध्ये त्रिमितीत प्रदर्शित झाला. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे डिसेंबर २००४ मध्ये निधन झालेले होते. कथा लक्ष्याच्या मुलाभोवती फिरते, ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली, आणि तात्याला आवाज पुन्हा प्रभावळकर यांचाच. मुलगाही शब्दभ्रमकार आहे. वीस वर्षांत बाहुल्याचे तंत्र सुधारले, हालचाल सफाईदार झाली, त्रिमितीच्या चष्म्यातून तात्या अंगावर धावून आला. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला आणि मंत्र देणारे बाबा हा केवळ करमणुकीचा विषय उरला नाही. पहिल्या चित्रपटाने बाबा चमत्कारला हास्यास्पद केले होते, पण त्याचा मंत्र खरा ठरवला होता. ही दुटप्पी भूमिका दुसऱ्या भागानेही सोडली नाही. वास्तविक २०१३ मध्ये या विषयाला अधिक धारदार विनोदाची संधी होती.

पण दुसऱ्या भागाचे खरे दुबळेपण अन्यत्र आहे. पहिल्या भागात तात्यासमोर लक्ष्या होता. केन जसा बेडकासमोर गंभीर राहिला, तसा बेर्डे बाहुल्यासमोर मनापासून घाबरला. दोन्ही ठिकाणी माणसाने बाहुलीवर पूर्ण विश्वास टाकला, एकाने आदराने, दुसऱ्याने भीतीने. दुसऱ्या भागातील पात्रांना तात्या विंचू ही प्रसिद्ध व्यक्ती आहे याची जाणीव असल्यासारखे ते वावरतात. त्याचे संवाद टाळ्यांसाठी थांबतात. प्रेक्षकही त्याला भेटायला आलेला असतो, घाबरायला नव्हे. आत शिरण्यासाठी देह शोधणारा तात्या तेथे आहेच, परंतु या वीस वर्षांत त्याला मराठी घरांत इतकी प्रशस्त जागा मिळाली होती की त्याच्या त्या धडपडीला फारसे कारणच राहिले नव्हते.